आकडा बरोबर होता

४.२

यंत्राचा पहिला राग हिंदुरावला आला तो ते त्याला 'आपण' म्हणायचं म्हणून.

"आपला अंक चार पूर्णांक दोन आहे. आपण कामास योग्य आहात."

गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या धगीपुढं उभं राहून गूळ शिजवणाऱ्या गुळव्याशी कुणी असं बोलतं होय? अडतीस वर्षांत हिंदुराव चौगल्याला 'आपण' एकदाच कुणीतरी म्हटलं होतं, आणि ते बांधाच्या भांडणात आलेलं कोर्टाचं समन्स होतं.

पण यंत्रानं 'योग्य' म्हटल्याशिवाय गुऱ्हाळाचं फाटक उघडत नव्हतं. तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात भट्ट्यांवरची माणसं उभ्या उभ्या गेली होती. वीटभट्टी, ओतकाम, गुऱ्हाळ, कुठलंच ठिकाण सुटलं नाही. चौकशीत निघालं की बऱ्याच जणांच्या रक्तातलं पोटॅशियम घामानं आणि जुलाबानं उतरलं होतं, आणि ते फार उतरलं की हृदयाचा ठेका चुकतो. त्यानंतर उष्मा विमा आला आणि विम्याच्या मागोमाग दंडावरची पट्टी. रुपयाएवढी, कातडीच्या रंगाची, खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया. कातडीखालच्या पाण्यातलं पोटॅशियम ती दर मिनिटाला मोजायची. साडेतीन ते पाच हिरवा. साडेतीनखाली पिवळा. अडीचखाली लाल. एका हंगामात दोनदा लाल झालं की कामाचा बिल्ला रद्द, आणि बिल्ला नसलेल्या माणसाला जिल्ह्यातल्या कुठल्याच भट्टीवर पाय ठेवता यायचा नाही.

हिंदुरावचा एक लाल होऊन गेला होता. दिवाळीनंतर एका दुपारी तो बांधावर उकिडवा बसला आणि त्याला उठताच येईना. मांड्या दुसऱ्याच कुणाच्या असल्यागत नुसत्या पडून राहिल्या. तासाभरानं उठला, पण लाल ते लाल. मग विमावाल्यांनी त्याला टाकी बसवली. काडेपेटीएवढी डबी पट्टीच्या शेजारी, आणि तिच्यातून दंडाच्या शिरेत गेलेली सुतासारखी नळी. अंक उतरायला लागला की टाकी आपली आपणच थेंब थेंब पोटॅशियम सोडायची. तेव्हापासून सगळं हिरवं होतं.

सगळं म्हणजे आकडा. हिंदुराव स्वतः सुकत चालला होता.

"हात का हलतोय रं?" अप्पा मगदूम म्हणाले. गुऱ्हाळ त्यांचं. हिंदुरावनं काहिलीतल्या, त्या मोठ्या कढईतल्या, उकळत्या पाकाची धार गार पाण्याच्या भांड्यात सोडली होती आणि बोटांनी तिची गोळी वळून बघत होता. गोळी कधी मऊ राहते, कधी टणकते, हे त्या बोटांनाच कळायचं. काहील उतरवायची वेळ एका मिनिटाची. एक मिनिट उशीर झाला की गूळ काळा पडे आणि एक मिनिट आधी उतरवलं की पाझरे.

"धग लागतीय, अप्पा."

"धगीनं हात हलतो? मग आमच्या मंडळींचा घरात जन्म गेला चुलीपुढं, त्यांनी कधी भाकरी वाकडी थापली न्हाई."

"उतरवा!" हिंदुराव ओरडला. चौघांनी काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात ओतली. सोनेरी लाट पसरली. तो वाकला, कडेचा लिंबाएवढा गोळा उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला.

दर आधणाला, म्हणजे काहिलीच्या दर खेपेला, गुळव्यानं चाखायचं ही रीत होती. थुंकायचं नाही. बापानं थुंकलं नाही, आज्यानं थुंकलं नाही. दिवसाला सहा आधणं निघायची, घाई असली तर सात.


३.४

टाकी महिन्यात तिसऱ्यांदा रिकामी झाली म्हणून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं डॉक्टर रेहाना मुजावर होत्या. त्यांच्या दारात साठ माणसं आणि टेबलावर संगणकाचे दोन पडदे होते. त्यांना रागवायलाही सवड नव्हती.

"उलट्या?"

"न्हाई."

"जुलाब? लघवी जास्त व्हायच्या गोळ्या? कुणी काढा वगैरे दिलाय?"

"न्हाई हो."

"गोड किती खाता?"

"अजिबात न्हाई. च्यासुदा बिनसाखरेचा."

शालन, त्याची बायको, शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "खरं हाय बाई. पुरणपोळी केली तर कडेकडेनं खात्यात. जन्मभर गुळात राहून गोडाचा वीट आलाय."

हिंदुराव खोटं बोलला नव्हता. शालनही नाही. चाखणं हे काम आणि खाणं हे खाणं. उद्या कुणी सोनाराला विचारलं, दिवसात किती सोनं घालता, तर तो काय सांगेल?

"डॉक्टर, मला बोलायचं हाय," तो म्हणाला. "जेवण दुप्पट झालंय आनी अंग निम्मं. छातीत सारखं धडधड. हात हलतोय. घाम तर असा, पाण्यातनं काढल्यागत."

डॉक्टरबाई पडद्याकडं बघत होत्या. पडद्यावर गेल्या चाळीस दिवसांची हिरवी रेघ होती, खाली जरा वाकायची आणि टाकीनं ढकललं की पुन्हा वर. बघायला सुंदर रेघ होती ती.

"बारा-बारा तास भट्टीपुढं उभं राहिल्यावर आणखी काय होणार? घामातून जातंय. टाकी भरून देते, मोठी देते. आकडा छान आहे तुमचा."

"आकडा छान हाय, पण मी?"

पण पडद्यावर पुढच्याचं नाव आलं होतं.

परतीच्या गाडीतून उतरताना तो म्हणाला, "मी जर दंडावरली ही काडेपेटी असतो ना शालन, तर त्या बाईनं माझ्याकडं बघितलं असतं."


२.१

अप्पांकडं बाहेरगावची मोठी मागणी आली आणि त्या दिवशी पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत सात आधणं निघाली. हिंदुराव घरी आला, परातभर भात जेवला आणि आडवा झाला. चार वाजता शालननं हाक मारली.

"आवं, उठा की."

"उठतोय."

"उठतोय म्हणून पाव तास झाला."

"शालन." तो छताकडं बघत होता. "पाय उठंनात. हातबी."

तिनं त्याचा हात उचलला आणि सोडला. तो ओल्या टॉवेलासारखा खाली आला.

मग दंडावरचं यंत्र बोललं.


यंत्र आणि हिंदुराव, चार वाजून वीस ते पावणेपाच

"आपला अंक दोन पूर्णांक एक आहे. आपण शांत राहावे."

आयला, मी हलतोय कुठं?

"आपल्या शरीरातील साठा रिकामा झाला आहे. भरणी सुरू आहे. अंदाजे कालावधी नऊ तास."

साठा रिकामा कसा? मी तर घास न घास खाल्लाय.

"भरणीचा वेग वाढवला आहे."

विचारतोय काय, तू ऐकतोस काय.

"आपले सहकार्य मोलाचे आहे."

हे सगळं तो मोठ्यानं बोलला. आवाज शाबूत होता, अक्कल शाबूत होती, मानेच्या वरचा हिंदुराव पुरा जागेवर होता. यंत्राला कान दिलेले नव्हते एवढंच.


२.२

शालननं फोन स्पीकरवर टाकून डॉक्टर मुजावरांना लावला. सहाव्यांदा लागला. रुग्णवाहिका निघाली होती, पण नदीकडच्या रस्त्याचं काम चालू, पाऊण तास तरी लागणार होता.

"आज काय खाल्लं त्यांनी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"भात."

"आणि त्याआधी?"

"काही न्हाई," हिंदुराव पडल्या पडल्या ओरडला. "सकाळपास्नं कामावर होतो."

शालन त्याच्याकडं बघत राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "बाई, सात आधणं झाली आज."

"म्हणजे?"

"दर आधणाला चाखत्यात."

"ते खाणं न्हवं!" हिंदुराव म्हणाला.

"किती चाखतात?"

"लिंबाएवढा गोळा. मोठं लिंबू."

मग डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "सात लिंबं गूळ. वर भात. दिवसभर कष्ट आणि मग झोप. आणि हाताची थरथर, वजन, धडधड. मला त्या दिवशी सांगत होते ते. शालनताई, नीट ऐका. तुमच्याकडं नळाला पाणी रोज येतं का?"

"एक दिवसाआड."

"नळ कोरडा पडला तर धरण आटलं म्हणाल?"

"न्हाई. लोकांनी पिंपं भरून घेतली असतील."

"तसंच झालंय. शरीरातलं पोटॅशियम शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पेशींच्या आत असतं, पिंपात. रक्तात, म्हणजे नळाच्या पाइपात, फक्त दोन. पेशीच्या भिंतीला पंप असतात, ते सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत ओढतात. गोड खाल्लं की इन्शुलिन वाढतं आणि पंप जोरात चालतात. धास्तीनं, कष्टानंही चालतात. जादा झालेलं काढायचं काम मूत्रपिंडं करतात, पण ती सावकाश, तासातासांनी. हा पंपांचा खेळ मिनिटांचा आहे. आणि यांच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बहुतेक भलतीच जोरात चाललीय, तिनं पंपांना आधीच पिसाळून ठेवलंय. स्नायूंनी सगळं पोटॅशियम आत घेतलं, पाइप कोरडा. बाहेर काही उरलं नाही की स्नायूंना हुकूम पोचत नाही. म्हणून हातपाय गेलेत. पण यांच्या अंगातला एक कणही कमी झालेला नाही."

"मग ती टाकी..."

"टाकीला वाटतंय धरण आटलं. घामानं जाणाऱ्यांसाठी बनवलंय ते, तिथं ते बरोबरच असतं. आतापर्यंत जेवढं गेलं तेवढं ठीक, हृदयाला आधार होईल. पण स्नायू सुटायला लागले की पिंपं एकदम पाइपात रिकामी होतील, आणि वर टाकीचं. पोटॅशियम वर गेलं तरी हृदय थांबतं. पट्टी कातडीखालचं पाणी बघते, ते रक्ताच्या अर्धा तास मागं असतं. आकडा कळेपर्यंत उशीर झालेला असेल. त्यांचं बोट हललं, अंगठा हलला, की त्या क्षणी टाकी बंद करा."

"कशी?"

"विमावाल्यांना लावा. मी इकडून लावते."


२.४

"मदत कक्षात आपले स्वागत आहे. तक्रार नोंदवण्यासाठी एक दाबा."

शालननं एक दाबलं. मग चार दाबलं. मग पुन्हा एक. शेवटी एक खरा माणूस आला, तो नागपूरहून बोलत होता.

"ताई, मला पडद्यावर पेशंटचा अंक दोन पूर्णांक चार दिसतो आहे. लाल आहे. लालमध्ये टाकी बंद करायची परवानगी सिस्टीम देत नाही."

"डॉक्टर सांगत्यात बंद करा म्हणून."

"डॉक्टरांनी फॉर्म टाकावा. दोन तासांत मंजूर होतो."

"आनी नळी काढली तर?"

"काढू नका, ताई. लालमध्ये नळी काढली की ते दुसरं उल्लंघन. त्यांचा बिल्ला जाईल. आत्ताचा लाल मी भरणी चालू असल्यामुळं मोजत नाही. नळी राहिली तर बिल्ला राहील. सरळ आहे."

फोन स्पीकरवरच होता. हिंदुरावनं सगळं ऐकलं.

"शालन. राहू दे नळी."

"डॉक्टर काय म्हणाली ऐकलासा न्हवं?"

"ऐकलं. तिनं त्या दिवशीबी सांगितलं हुतं, आकडा छान हाय. काल छान, आज मरतोय, उद्या काय सांगंल? राहू दे. बिल्ला गेला तर मी काय करू? शेळ्या राखू?"

"राखा."

"बोटांत हाय माझ्या ते काम! दुसरं काय येतंय मला?"

शालन त्याच्या पायापाशी जाऊन बसली आणि अंगठ्यांकडं बघत राहिली. बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरत होती. यंत्र म्हणालं, "आपली प्रगती समाधानकारक आहे."

डाव्या पायाचा अंगठा हलला.

हिंदुरावला ते कळलं. त्यानं तो हलवलाच होता, मघापासून जीव एकवटून तेच करत होता. आणि हलल्याबरोबर त्याला वाटलं की हे शालनला दिसू नये.

"हलला," ती म्हणाली.

"न्हाई."

"हलला, मी बघितला."

"शालन, हात लावू नगंस. माझी आन हाय तुला. हात लावलास तर जन्मात बोल


रिकामी जागा

या जागी यंत्राच्या नोंदीत काही नाही. सतरा मिनिटं अंक नाही, वेळ नाही, आवाज नाही. शालननं पट्टीसकट उपटलेल्या नळीच्या टोकाला थोडं रक्त होतं, ते शालनच्या पदराला पुसलं गेलं. हिंदुराव तिला ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्या शिव्या देत होता. तिनं त्याच्या दंडावर अंगठा दाबून धरला होता आणि ती दाराकडं बघत होती.


६.१

हा आकडा दवाखान्यातला, थेट रक्तातला. नळी काढून तास झाला होता. त्याचे हातपाय परत आले होते आणि ईसीजीच्या कागदावर हृदयाच्या लाटा सुयांसारख्या टोकदार उमटत होत्या. डॉक्टर मुजावरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, आणखी काही दिलं, आणि रात्रभर त्या घरी गेल्या नाहीत.

"टाकी चालू राहिली असती, तर हाच आकडा आठाच्या वर असता," त्यांनी सकाळी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. थायरॉइडचा तपास आला. ग्रंथी खरंच सैराट सुटली होती. "गोळ्यांनी ताब्यात येईल. दोन-तीन महिन्यांत हात थांबेल, अंग भरेल. मग हे झटके येणार नाहीत. तोवर गूळ बंद. चाखणंसुद्धा." त्यांनी कागद बाजूला सारला. "टाकी नसती तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी नीट तपासलं असतं. रेघ सरळ होती, मी रेघेला तपासलं."

हिंदुरावला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्याला संताप आला. चूक कबूल करून ही बाई पुढच्या पेशंटकडं जाणार होती आणि बिल्ला त्याचा गेला होता.

शालनशी तो अकरा दिवस बोलला नाही. ती ताट वाढायची, तो जेवायचा. बाराव्या दिवशी ताट ठेवताना ती म्हणाली, "अप्पांना दुसरा गुळव्या मिळाला. मुरगूडचा हाय. मला ह्या वयात दुसरा नवरा कोण देणार हुतं?"

त्याला हसू आलं म्हणून तो जास्तच चिडला.


अंक नाही

विमा कार्यालयातले साळोखे साहेब भले माणूस होते. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला.

"तुमचं अपील मी तीनदा वाचलं, हिंदुराव. डॉक्टरांचा अहवालही वाचला. अडचण अशी आहे की यंत्राचा दोष लिहायचा तर आकडा चुकलेला असावा लागतो. आकडा चुकला होता का?"

"न्हाई."

"दोन पूर्णांक एक म्हणालं, तेव्हा रक्तात तेवढंच होतं?"

"व्हय."

"मग आकडा बरोबर होता."

"आकडा बरोबर होता, साहेब. त्याचा अर्थ चुकीचा होता."

"अर्थाचा रकाना नाही फॉर्ममध्ये." साळोखे हे थट्टेनं म्हणाले नाहीत. त्यांनाही वाईट वाटत होतं. "पण एक वाट आहे. मी शोधून काढली तुमच्यासाठी." त्यांनी पडदा त्याच्याकडं फिरवला. "इथं बोट टेकवा. उल्लंघन तुमच्याकडून झालं नाही, घरातल्या माणसाच्या निष्काळजीपणानं झालं, एवढंच. सोमवारी बिल्ला चालू. थायरॉइडचं औषध चालू ठेवून काम करा."

हिंदुरावनं वाचलं. त्याला वाचायला वेळ लागायचा, पण तो शेवटपर्यंत वाचायचा. खालून तिसरी ओळ होती: सदर व्यक्तीचे नाव 'जवळची व्यक्ती' म्हणून रद्द होईल व तिला यापुढे यंत्रास हात लावण्यास मनाई राहील.

"सदर व्यक्ती म्हंजे शालन?"

"नुसतं कागदावर. त्यांना दंड वगैरे काही नाही."

"आनी पुन्हा असं झालं तर नळी कोण काढंल?"

"पुन्हा कशाला होईल? आणि झालंच तर..." साळोखे अडखळले. "यंत्र आहे की."

पंखा फिरत राहिला. सोमवार. हिंदुरावला काहिलीवरची वाफ नाकात आल्यासारखी झाली, मळी काढल्यावर येणारी, हिरव्या उसाचा वास जाऊन गुळाचा वास चढायला लागतो त्या घटकेची. त्यानं बोट पडद्यापर्यंत नेलं. बोट आता हलत नव्हतं. दोन महिन्यांच्या गोळ्या लागू पडल्या होत्या. तो त्या बोटाकडं बघत राहिला, आणि मग ते मुठीत मिटून उठला.

बाहेर शालन सावलीला बसली होती.

"केलीसा सही?"

"न्हाई."

"का?"

"बोटानं करायची हुती. बोट उठलं न्हाई."

"मी सांगितलं हुतं न्हवं, काय लिवलं असंल ते असू दे, करून या म्हणून? कागदावर खापर माझ्यावर फोडलं असतं तर माझं काय सांडणार हुतं? तिकडं त्या मुरगूडच्यानं गेल्या आठ दिवसांत अप्पांचा सगळा माल काळा केलाय. कुणासाठी हे?"

"गप बस."

"का गप बसू? जन्मभर बोलणार न्हवतासा न्हवं? मग आता कशाला बोलताय?"

तो ताडताड चालायला लागला. उन्हाचा राग, साळोखेंच्या चांगुलपणाचा राग, त्या खालून तिसऱ्या ओळीचा राग, पायांत एवढी ताकद परत आल्याचाही राग. अर्धा रस्ता गेल्यावर मागून हाक आली.

"स्टँड हिकडं हाय."

हिंदुरावनं एक शिवी हासडली. ती कुणाला होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो वळला आणि तिच्या मागोमाग चालू लागला.